दुसऱ्याचे सेकंद

पहाटे ४:४५

निगडी प्राधिकरणात आम्ही तिघी कॉट बेसिसवर राहतो. त्यांतली फर्स्ट शिफ्टवाली मी एकटीच. बाकीच्या दोघी हिंजवडीला आयटीत इंटर्न आहेत, त्यांची सकाळ नऊला उजाडते. त्यामुळे बाथरूमसाठी भांडण नाही. फक्त खोलीतला दिवा लावायचा नाही, एवढंच बंधन. कपडे, ओळखपत्र, मोजे सगळं आदल्या रात्री खुर्चीवर काढून ठेवलेलं असतं.

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की बार्शीला जाऊन आंबे खायचे, असा घरच्यांचा बेत होता. कॉलेजच्या क्रेडिटसाठी कुठल्याही वर्कशॉपचा शिक्का चालतो. वर्गातल्या बऱ्याच जणांनी तो तसाच, म्हणजे न जाताच, आणला आहे. मला मोठा कारखाना आतून बघायचा होता. चाकणच्या एका मोटार कंपनीत जागा मिळाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. रुजू होतानाच गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात, आणि पुढे मी एकदोन तक्रारीही करणार आहे.

५:३०

भक्ती-शक्ती चौकात या वेळी कंपन्यांच्या बस एकामागे एक लागलेल्या असतात. काचेवर रूट नंबर, खाली घोळक्याने उभी माणसं. कोणाच्या शर्टाचा रंग कोणत्या कंपनीचा, हे आता मला लांबूनही ओळखता येतं. बसमध्ये जागांवर नावं लिहिलेली नसली तरी त्या ठरलेल्या असतात. पुढच्या दोन रांगा बायकांच्या, मधल्या खिडक्या जुन्या परमनंट लोकांच्या, आणि मागे कॉन्ट्रॅक्टची मुलं. हे कोणी सांगत नाही. चुकीच्या खिडकीशी बसलात तर एक काका शेजारी येऊन नुसते उभे राहतात.

तळवडे ओलांडून इंद्रायणीच्या पुलावर येईपर्यंत निम्मी बस झोपलेली असते. या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास तसा लहानच. एमआयडीसी स्थापन झाली १९६२मध्ये; पिंपरीत औषधांचा सरकारी कारखाना त्याच्या आधीच, १९५४ला आला होता. मग साठच्या दशकात टेल्को आली आणि भोसरी-आकुर्डी भरत गेली. तिथली जागा संपल्यावर गाड्यांचे कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकले. फोक्सवॅगनचा कारखाना इथे २००९ला सुरू झाला, मर्सिडीजही त्याच वर्षी पिंपरीहून इकडे आली. त्याआधी चाकण म्हटलं की कांदा-बटाट्याचा बाजार. तो अजूनही आहे, आणि लाईनवर मी जिथे उभी असते त्या स्टेशनवरचे काका दोन्हीकडे आहेत. शिफ्टमध्ये ते सीटबेल्ट बसवतात, घरी गेल्यावर कांदा बघतात.

६:०५

गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, पुढचा-मागचा दोन्ही. ट्रेनींच्या ओळखपत्राची फीत वेगळ्या रंगाची असते, म्हणजे लांबूनच कळावं की याला काही विचारू नये.

चेंजिंग रूममध्ये सेफ्टी शूज, केसांना जाळी, कानांत इअरप्लग. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या आणि पट्ट्याच्या बकलवर कापडी कव्हर चढवायचं. गाडीच्या रंगावर ओरखडा उमटू नये म्हणून ही काळजी. गंमत अशी की मला काम दिलंय वेळ मोजण्याचं, आणि मनगटावर घड्याळ बांधायची परवानगी नाही. कंपनीने एक टॅब दिलाय, रबरी कव्हरमधला. त्यात स्टॉपवॉच.

६:३०

भोंगा. बोर्डासमोर सगळे अर्धवर्तुळात उभे राहतात. आधी मान, खांदे, कंबर यांचा व्यायाम, तो कोणीच मनापासून करत नाही. कंबरेचा मात्र चाळिशीपुढचे सगळे नीट करतात. मग सुरक्षेची शपथ, काल किती गाड्या निघाल्या, किती अडल्या, कुठल्या स्टेशनचा दोष पुढे जाऊन सापडला. सुपरवायझर दोषाचा फोटो दाखवतो, नाव घेत नाही. पण कोणाचं स्टेशन ते सगळ्यांना ठाऊक असतं. दहा मिनिटांत हे आटोपतं आणि लाईन हलते.

६:४०

आता थोडा हिशेब. त्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

शिफ्ट साडेसहा ते तीन, म्हणजे ५१० मिनिटं. त्यातून जेवणाची ३०, दोन चहांची मिळून २० आणि सकाळच्या मीटिंगची १० वजा करा. राहिली ४५० मिनिटं, म्हणजे २७,००० सेकंद. समजा शिफ्टमध्ये २७० गाड्या काढायच्या आहेत (हा आकडा कंपनीचा नाही, मी भागाकार सोपा जावा म्हणून घेतलाय), तर दर १०० सेकंदांना एक गाडी निघाली पाहिजे. या १०० सेकंदांना म्हणतात टॅक्ट टाईम. माझ्या माहितीतला हा सर्वांत कडक नियम आहे. लाईनवरच्या प्रत्येक माणसाचं काम त्या १०० सेकंदांत बसवलेलं असतं. कोणाचं ९२चं, कोणाचं ९७चं. ज्याचं १०४चं भरतं तो गाडीसोबत चालत चालत पुढच्या माणसाच्या हद्दीत जातो, आणि दिवसभर दोघांची बोलाचाली होते.

माझं काम ट्रिम लाईनवरच्या, म्हणजे रंगवलेल्या बॉडीत आतले भाग बसवतात त्या लाईनवरच्या, एका स्टेशनचा टाईम स्टडी करायचा आणि तिथे काही सेकंद वाचतात का ते शोधायचं. स्टेशन सीटबेल्टचं. रॅकमधून बेल्टची गुंडाळी, म्हणजे रिट्रॅक्टर, उचलायचा. गाडीपर्यंत चालत यायचं. मधल्या खांबाच्या खाचेत तो बसवायचा, बोल्टला हाताने दोन-तीन आटे द्यायचे, मग वरून लोंबणारा नटरनर ओढून बोल्ट आवळायचा, बारकोड स्कॅन करायचा आणि बोल्टच्या डोक्यावर रंगीत खूण करायची. गाडीच्या उजव्या बाजूला काका, डाव्या बाजूला एक कॉन्ट्रॅक्टचा मुलगा. मी काकांच्या बाजूला, पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर.

सुरुवातीला काका मला मॅडम म्हणायचे. "काका, मला मॅडम नका म्हणू," असं सांगितल्यावर ते दिवसभर काहीच म्हणाले नाहीत. आता ताई म्हणतात. डावीकडचा मुलगा माझ्यापेक्षा जेमतेम वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल. तो अजून मॅडमच म्हणतो, आणि ते मला जास्त टोचतं.

७:१५

टाईम स्टडी पुस्तकात साधा दिसतो. कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची वेळ घ्यायची, दहा-बारा फेऱ्यांची सरासरी काढायची, माणूस किती वेगाने काम करतोय याचं रेटिंग लावायचं आणि थकव्यासाठी थोडी सूट द्यायची. पुस्तक एकच गोष्ट सांगत नाही. हातात स्टॉपवॉच घेऊन तुम्ही उभे राहिलात की समोरचा माणूस बदलतो. काही जण घाईघाईने करतात, अंगावरून झटकून टाकल्यासारखं. काही जण मुद्दाम सावकाश, प्रत्येक बोल्ट देवाला वाहतोय अशा बेताने. काका दुसऱ्या प्रकारचे. पहिल्या आठवड्यात त्यांची रीडिंग्ज बघून कंपनीतले माझे गाईड हसले आणि म्हणाले, "हे तुझ्यासाठी केलेलं काम आहे. लाईनसाठी केलेलं बघ."

यात काकांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. १९११मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाऊन इथल्या सरकारी शस्त्रागारात फ्रेडरिक टेलरच्या पद्धतीने एका साचेकामगाराची वेळ घड्याळ लावून मोजायला घेतली, तेव्हा साचेकामगार सरळ काम टाकून बाहेर पडले. प्रकरण थेट संसदेत गेलं, आणि नंतर कित्येक वर्षं तिथल्या सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉच लावण्यावर पैशांच्या मंजुरीतूनच बंदी होती. आमच्या अभ्यासक्रमात टेलर आहे, वॉटरटाऊन नाही. ते मी कॉटवर पडून नंतर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी टॅब जरा खाली धरला.

यावर उपाय म्हणून स्टॉपवॉच न लावता वेळ काढायची पद्धत आहे, एमटीएम. १९४८पासूनची. तिच्यात माणसाच्या हालचालींना आधीच ठरवलेल्या किमती असतात. एकक टीएमयू, एक टीएमयू म्हणजे तासाचा एक लाखावा भाग, ०.०३६ सेकंद. मोकळ्या वाटेवरचं एक पाऊल १५ टीएमयू, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. अशाने कोणाच्याही तोंडासमोर घड्याळ न धरता, नुसती पावलं मोजून हिशेब होतो. मला ही पद्धत सभ्य वाटली. काकांना समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी नसलो तरी माझी वेळ निघते."

८:३०

पहिला चहा. दहा मिनिटांचा म्हणतात. लाईन थांबते, माणसं चहाच्या मशीनकडे भराभर चालत जातात, रांग लागते, कप गरम असतो. बसून प्यायला मिळतात तीनेक मिनिटं. तेवढ्यात पोहे. कॉन्ट्रॅक्टची मुलं एका बाजूला, त्यांच्या गप्पांत एकच विषय असतो: कोणाचा ब्रेक कधी. औद्योगिक विवादांच्या कायद्यात वर्षात २४० दिवस काम भरलं की सलग सेवा धरली जाई आणि माणसाला सहज काढता येत नसे. त्यामुळे या पट्ट्यात सात महिन्यांच्या ऑर्डरची रीत पडली. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरी कंपनी, दुसरा रंग, पुन्हा तेच नटरनर. डाव्या बाजूच्या मुलाची ही तिसरी कंपनी आहे. तो आयटीआय झालेला फिटर आहे आणि बोल्टच्या बाबतीत मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं त्याने शिकवलंय. सर्टिफिकेट मात्र मला मिळणार आहे.

९:००

गाईड मीटिंगमध्ये. मी ऑफिसात त्यांची वाट बघते.

मोठ्या कंपनीतल्या इंटर्नशिपचं हे रूप आधी कोणी सांगितलं नव्हतं. लॉगिन मिळायला आठवडा गेला. त्या आठवड्यात मी छापील कागदांवर पेन्सिलीने काम केलं, आणि खरं सांगायचं तर तो आठवडा बरा गेला. ज्या इमारतीत सेकंदाचा हिशेब भिंतीवर लाल आकड्यांत पळत असतो, तिथे माझा अर्धा तास कुठे गेला हे विचारणारं कोणी नाही. सुरुवातीला याचा राग यायचा. आपण फुकट आलो असं वाटायचं. आता मी त्या वेळेत फिरते. बॉडी शॉपच्या कडेने जाते, तिथे रोबो वेल्डिंग करतात आणि ठिणग्यांपेक्षा त्यांचा एकसारखा आवाजच जास्त लक्षात राहतो. स्टोअरमध्ये जाते. रिवर्कच्या कोपऱ्यात जाते, तिथे सगळ्या लाईनची गुपितं उभी असतात. लाईनवरच्या कोणालाही आपली जागा सोडून दुसरं स्टेशन नुसतं बघायला जाता येत नाही. मला येतं.

मोठ्या संस्थांतून आलेले दोन इंटर्न वातानुकूलित खोलीत डॅशबोर्ड बनवतात. चांगली मुलं आहेत. त्यातल्या एकाने विचारलं, "तू खाली रोज काय करतेस?" मी म्हटलं, पावलं मोजते.

१०:३०

जेवण. ज्या वेळी घरी नाश्त्याची ताटं घासायला पडलेली असतात, त्या वेळी आम्ही चपाती-उसळ-भात-ताक घेऊन बसतो. इतक्या लवकर का, याला कारण आहे. १९४८च्या कारखाना कायद्याने घातलेली अट अशी की माणसाला सलग पाच तासांहून जास्त काम देऊ नये, मध्ये अर्धा तास विश्रांती हवी. साडेसहा अधिक पाच, साडेअकरा. सगळी लाईन एकदम कॅन्टीनमध्ये मावत नाही, म्हणून विभागवार पाळ्या लावतात आणि ट्रिमची पाळी पहिली. अडीचशेहून जास्त कामगार असतील तर कॅन्टीन हवंच, असंही त्याच कायद्यात होतं.

प्लांट हेडपासून कॉन्ट्रॅक्टच्या मुलांपर्यंत रांग एक, ताट एक. कंपनी याचा फार अभिमान बाळगते आणि तो रास्त आहे. टेबलं मात्र आपोआप वेगळी होतात. मी कुठे बसायचं हा प्रश्न रोजचा. ऑफिसवाले हात हलवून बोलावतात. तिकडे बसलं की प्लेसमेंटच्या गोष्टी कळतात. काकांकडे बसलं की लाईनच्या. आज मी काकांकडे बसले. ते चाळीत भरलेल्या कांद्याबद्दल बोलत होते. भाव नाही म्हणून ठेवलाय, पण वळवाचा पाऊस झाला तर सड लागेल. मध्येच म्हणाले, "ताई, ते रॅकचं तुम्ही मनावर घेतलंय का?"

रॅकचं मी मनावर घेतलं आहे. रिट्रॅक्टरचा रॅक गाडीपासून सहा पावलांवर आहे. जायला सहा, यायला सहा. बारा पावलं, १८० टीएमयू, साडेसहा सेकंद. रॅक दोन पावलांवर आणला तर आठ पावलं वाचतात, म्हणजे ४.३२ सेकंद. माझ्या सोप्या २७० गाड्यांनी गुणलं तर एका शिफ्टमध्ये १९ मिनिटांहून जास्त.

"ही १९ मिनिटं मला देणार का?" काका म्हणाले.

मी गप्प बसले. त्यांनीच उत्तर दिलं, रागाने नव्हे, कांद्याबद्दल बोलताना होता त्याच आवाजात. "देणार नाहीत. पुढच्या स्टेशनचा एखादा क्लिप इकडे देतील. मग पुढच्या स्टेशनवाल्याकडे चार सेकंद मोकळे झाले, त्याला आणखी पुढचं देतील. असं करत शेवटी एक माणूस कमी होतो. आम्ही दोन वेळा बघितलंय."

गाईडना विचारलं असतं तर त्यांनी याला लाईन बॅलन्सिंग म्हटलं असतं. दोघंही एकच गोष्ट सांगताहेत आणि दोघांचंही खरं आहे.

११:४०

लाईन थांबली. आमच्याच स्टेशनवर.

सीटबेल्टचा बोल्ट हा जिवाशी गाठ असलेला जोड, त्यामुळे त्याचा नटरनर साधा नसतो. तो नुसता टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मोजत नाही, बोल्ट किती अंश फिरला तेही मोजतो. ठरलेला टॉर्क आला पण फिरणं कमी झालं, तर लाल दिवा लागतो आणि गाडी पुढे सुटत नाही. कारण टॉर्क दोन तऱ्हांनी येतो. एक, बोल्ट नीट बसून पत्रे घट्ट धरले म्हणून. दुसरा, आट्यांत काहीतरी अडकलं म्हणून. आकडा दोन्हीकडे तोच, पण दुसऱ्या बोल्टने काहीच धरलेलं नसतं.

अँडॉनचं, म्हणजे लाईन अडली की इशारा देणाऱ्या यंत्रणेचं, संगीत सुरू झालं. प्रत्येक विभागाची धून वेगळी असते, आमची एक जुनी मराठी चाल आहे, ती कोणी निवडली कोण जाणे. सुपरवायझर धावत आला, मागून क्वालिटीचा माणूस. काका शांत. म्हणाले, "दिवा लागायच्या आधीच सांगतो ना मी, हाताने देतानाच जड गेला. नटमध्ये रंग गेलाय."

बोल्ट सोडून बघितला, तर खांबाच्या आत वेल्ड केलेल्या नटच्या आट्यांवर खरंच रंगाचा थर. बॉडी रंगाच्या टाकीत बुडवतात तेव्हा तो कधीकधी तिथे साचतो. टॅप मारून आटे साफ केले, नवा बोल्ट, हिरवा दिवा. मागच्या गाड्या तपासल्या, आणखी एक तशीच निघाली. पेंट शॉपला फोन गेला. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. पण त्या काही मिनिटांत पंधरावीस माणसं एका बोल्टभोवती जमली होती.

माझ्या शीटवर त्या हालचालीच्या पुढे लिहिलेलं आहे: "बोल्टला हाताने आटे देणे, ३.१ सेकंद." पुस्तकाप्रमाणे ही जुळवणीची पूर्वतयारी. मॅग्नेटिक सॉकेट लावून ती नटरनरनेच केली तर दीड-दोन सेकंद वाचतील, अशी सूचना कुठल्याही विद्यार्थ्याला पहिल्या तासात सुचेल. त्या ३.१ सेकंदांत काकांची बोटं आटे तपासतात, हे दाखवायला शीटमध्ये रकानाच नाही. मी शेरा या जागेत बारीक अक्षरात लिहून ठेवलं. डावीकडच्या मुलालाही ते कळतं का, हे विचारलं. तो म्हणाला, "कळायला लागलंय. पूर्ण कळेपर्यंत ब्रेक येईल."

१:००

दुसरा चहा, मग उकाडा. लाईनवर पंखे आहेत, पण मेच्या दुपारी ते गरम हवाच फिरवतात. ताकाचं पिंप ठेवलेलं असतं. या तासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळे घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करतात.

१:४५

गाईड सापडले. भला माणूस आहे, पण त्यांच्यावर एकाच वेळी तीन जणांचं काम असतं, आणि इंटर्न हे त्यातलं चौथं. मी यामाझुमी चार्ट दाखवला. प्रत्येक स्टेशनचा एक उभा खांब, त्यात कामाच्या तुकड्यांचे रंगीत थर, वर टॅक्टची लाल रेघ. आमच्या स्टेशनचा खांब रेघेच्या थोडासाच खाली.

"सेव्हिंग किती?"

"४.३२ सेकंद. चालण्यातले."

"चांगलं आहे. आणि हँड-स्टार्ट, हाताने आटे देणं? तिथे दोन सेकंद दिसताहेत."

मी सकाळचा बोल्ट सांगितला. त्यांना अँडॉनच्या नोंदीतून थांबा माहीत होता, काकांचं बोलणं माहीत नव्हतं. नोंदीत कारण लिहिलं होतं: "टॉर्क-अँगल एनओके (नॉट ओके). नटमध्ये पेंट." कोणी आधी ओळखलं याला तिथेही रकाना नव्हता. ते जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हँड-स्टार्टला हात लावू नकोस. पण असं प्रेझेंटेशनमध्ये लिहिता येणार नाही. डेटा आण. ज्या गाड्यांना एनओके आला, त्यातल्या किती आधी हाताला कळल्या, ते आठवडाभर लिहून काढ."

मला हे उत्तर आवडलं. वाचलेल्या सेकंदांचं काय होणार, हेही विचारलं. त्यावर ते म्हणाले की मॅनिंग, म्हणजे कुठे किती माणसं लावायची, हा युनियनच्या कराराचा विषय, इंटर्नच्या रिपोर्टचा नाही. हे आवडलं नाही. पण रिपोर्टच्या ठरलेल्या नमुन्यात शेवटची ओळ "मनुष्यबळ बचत" हीच आहे. ती मी नमुन्यात घातलेली नाही, आणि तिथे शून्य लिहिलं तर प्रोजेक्ट पास होईल का, याची खात्री नाही.

अजून एक भांडण आहे. सेकंड शिफ्टची रीडिंग्ज मला हवीत, कारण त्या शिफ्टला काकांच्या जागी नवा मुलगा असतो आणि हाताला कळण्याचा प्रश्न तिथेच तपासता येईल. एचआरचं म्हणणं, मुली ट्रेनी फर्स्ट किंवा जनरल शिफ्टलाच. तिकडची रीडिंग्ज एखादा मुलगा ट्रेनी घेईल. रात्री सातनंतर बायकांना कारखान्यात काम देण्यावर जुनी बंदी होती. महाराष्ट्राने २०१५मध्ये कायदा बदलून संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन या अटींवर ती उठवली. माझी संमती आहे. वाहन एका मुलीसाठी सोडायचं नाही, ही खरी अडचण, आणि ती कोणी तशी बोलून दाखवत नाही. मी सुचवलं, तीन ते साडेसहा एवढाच वेळ थांबते, मग सातचा प्रश्नच येत नाही. "बघू," गाईड म्हणाले.

३:००

भोंगा. सेकंड शिफ्ट जागेवर येते. काकांनी नव्या मुलाला सांगितलं, "आज रंगाचा माल आहे, हाताने दोन आटे जास्त दे." कुठल्याही कागदावर न जाणारी ही सूचना. मी ती वेळेसह लिहून घेतली.

३:२५

आज बस चाकणमार्गे वळवली, तळवड्याच्या बाजूला ट्रक आडवा झाला होता. तळेगाव चौकात अडकलो. बसमध्ये जुना विनोद आहे: चाकणचा भुईकोट घ्यायला शाइस्ताखानाला १६६०मध्ये जवळजवळ दोन महिने लागले, कारण फिरंगोजी नरसाळा आत होता; आता चौक घ्यायला तेवढेच लागतात आणि आत कोणीच नाही. १०० सेकंदांना एक गाडी काढणारी माणसं सगळ्या कंपन्यांनी काढलेल्या गाड्यांच्या मागे बसून असतात. निगडीला पोचायला पाच वाजले.

७:३०

तास-दीड तास झोप, मग मेसचा डबा. हिंजवडीवाल्या दोघींपैकी एक आज घरूनच काम करत होती. तिच्या इंटर्नशिपमध्ये तिने तिच्या मॅनेजरला अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. स्टायपेंड माझ्या दुप्पट. आईचा फोन आला, "जेवलीस का, तिथे नोकरी देणार का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसच्या टेबलावर ऐकलेलं आहे. प्री-प्लेसमेंट ऑफर बहुतेक डॅशबोर्डवाल्यांना. आईला म्हटलं, बघू.

९:००

कॉलेजची डायरी भरायची. "आज शिकलेले कौशल्य" असा रकाना आहे. तिथे मी टॉर्क-अँगल मॉनिटरिंग लिहिलं.

गाईडचा मेसेज आला. एचआर साडेसहापर्यंत थांबू द्यायला तयार आहे. जनरलची बस साडेपाचला सुटते, त्यामुळे परतीसाठी मेंटेनन्सच्या जीपमध्ये जागा करतील. आणि रॅकची ट्रायल उद्याच, पहिल्या चहाच्या ब्रेकमध्ये.

काकांना फोन करून सांगितलं. त्यांनी एक अट घातली. रॅक जवळ आणायचाच असेल तर तो उंचही करा, खालच्या कप्प्यातला माल घ्यायला वाकावं लागतं. मी तक्ता काढून बघितलं. एमटीएममध्ये वाकायला २९ टीएमयू आणि परत सरळ व्हायला ३१.९. मिळून दोन सेकंदांहून थोडं जास्त, म्हणजे चार पावलांच्या बरोबरीचं. तीन कप्प्यांतला एक खाली धरला तर शिफ्टमध्ये ९० वेळा वाकणं. सेकंदांत ते तीन-सव्वातीन मिनिटंच भरतं, आणि प्लांटला त्यातून माणूस कमी करता येणार नाही. म्हणून प्रेझेंटेशनमध्ये मी हे पहिल्या स्लाईडवर घेतलंय. स्टँड किती उंच करायचा ते काकांनी सांगितलंय, चार इंच. फॅब्रिकेशनवाल्यांकडे उद्या आठच्या आत मागणी गेली पाहिजे.